एमआरआयला जाताना: करदोड्यापासून क्रिएटिनिनपर्यंत

सोलापुरात एमआरआयसाठी माणसं लांबून येतात. अक्कलकोट, मंगळवेढा, सांगोला, बार्शी, तुळजापूर, शिवाय पलीकडून विजयपूर आणि कलबुर्गी. पहाटेची एसटी पकडून आलेला पेशंट खुर्चीत टेकतो आणि तेव्हा कळतं, की मेंदूच्या जुन्या ऑपरेशनचे कागद ट्रंकेत राहिले. किंवा डॉक्टरांनी डाय (प्रतिमा उठून दिसावी म्हणून शिरेतून द्यायचं औषध) लिहिलाय, पण क्रिएटिनिन ही मूत्रपिंडाची रक्ततपासणी केलेलीच नाही. किंवा तपासणी पित्तनलिकेची आणि वाटेत मोहोळला भजी-चहा झालेला. यंत्र शाबूत, टेक्निशियन हजर, तरी हेलपाटा पडतो. यातलं बरंचसं आदल्या दिवशी घरी बसून टाळता येतं, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

आधी यंत्राबद्दल एवढं कळलं की पुरे

एमआरआय म्हणजे एक प्रचंड लोहचुंबक. त्याची ताकद टेस्लामध्ये मोजतात. सोलापूरसारख्या शहरांत बहुधा १.५ टेस्लाचं यंत्र असतं, काही ठिकाणी ३ टेस्लाचं. १.५ टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस हजार पटींहून जास्त. हे चुंबक उणे २६९ अंशांच्या द्रवरूप हेलियममध्ये बुडवलेल्या तारांच्या वेटोळ्यांतून चालतं आणि ते २४ तास चालूच असतं. रात्री सेंटरला कुलूप लागलं तरी चालू, लाइट गेली तरी चालू. लोडशेडिंगमध्ये फोटो निघणं थांबतं, ओढ थांबत नाही.

ही एकच गोष्ट नातेवाइकांच्या डोक्यात बसली तर निम्मे धोके संपतात. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईत एका रुग्णाचा नातेवाईक ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला. यंत्रानं सिलिंडर खेचलं आणि त्या तरुणाचा जीव गेला. खोलीत पेशंट नाही, आवाज येत नाही, म्हणजे यंत्र बंद असेल, हा समज घातक आहे. पेशंट ऑक्सिजनवर असेल, व्हीलचेअरवर असेल किंवा लोखंडी टोकाच्या काठीवर चालत असेल, तर दारातच थांबायचं आणि सेंटरच्या माणसांना त्यांची बिनलोखंडी ट्रॉली आणू द्यायची. मदत म्हणून आपणहून ढकलत आत जायचं नाही.

एक्स-रे किंवा सीटी स्कॅनसारखे किरण यात नसतात. त्यामुळे सहा महिन्यांत दुसऱ्यांदा करायला सांगितलं म्हणून शरीरात काही साठत गेलं, असं होत नाही. दुखतही नाही, सुई लागली तर तेवढीच.

नंबर लावताना

डॉक्टरांची चिठ्ठी फोनजवळ ठेवूनच नंबर लावा आणि तिच्यावर काय लिहिलंय ते अक्षरन्‌अक्षर वाचून दाखवा. ‘कमरेचा एमआरआय’ असं तोंडी सांगितलं की कधी मणक्याचा अर्थ घेतला जातो, कधी खुब्याचा. गुडघा असेल तर उजवा की डावा, हे चिठ्ठीवर हवंच. नसेल तर डॉक्टरांकडून लिहून घ्या. दुखरा पाय स्वतः सांगेनच, या भरवशावर राहू नका. कमरेच्या मणक्यासोबत पूर्ण पाठीचं झटपट स्क्रीनिंग हवं आहे का, हेही विचारून घ्यावं. ते पुढं मागितलं गेलं तर पुन्हा सगळा खर्च.

फोनवरच विचारायच्या गोष्टी: साध्या तपासणीचे किती आणि डायसकट किती, डायच्या औषधाचे पैसे त्यातच की वेगळे, फिल्मबरोबर सीडी मिळते का, रिपोर्ट त्याच दिवशी की दुसऱ्या. बाहेरगावच्यांनी हा शेवटचा प्रश्न चुकवू नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार व्हायचे असतील तर पैसे भरण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, गाठा. आधी भरू, मग पावती दाखवून परत घेऊ, असं गृहीत धरू नका.

१.५ चांगलं की ३, असं पुष्कळजण विचारतात. ३ टेस्लाच्या प्रतिमा बारीक तपशिलात सरस असतात, विशेषतः मेंदू, छोटे सांधे, प्रोस्टेट अशा ठिकाणी. पण अंगात धातू असेल तर त्याच ३ टेस्लावर त्या जागेची प्रतिमा जास्त विस्कटते, आणि काही इम्प्लांट फक्त १.५ वरच चालतात. मणक्यात स्क्रू असलेल्या माणसाला जास्त पैसे देऊन ३ वर पाठवणं बऱ्याचदा फुकट जातं.

अंगात काय काय आहे, ते सगळं सांगायचं

आत जाण्याआधी एक फॉर्म भरून सही करायची असते. आमच्या मते संपूर्ण एमआरआयमध्ये सर्वांत महत्त्वाचा कागद हाच. आणि गर्दीच्या वेळी तोच सर्वांत घाईनं भरला जातो. मुलगा मोबाइलवर बोलत बोलत सगळीकडे ‘नाही’वर खुणा करतो. सोलापुरात घरात तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या आजी-आजोबांची त्यात जास्त पंचाईत होते. फॉर्म मराठीत किंवा इंग्रजीत, विचारणारा हिंदीत, आणि वीस वर्षांपूर्वी डोक्याचं ऑपरेशन झालं होतं हे फक्त आजींना माहीत. त्यांची भाषा आणि त्यांची जुनी दुखणी दोन्ही माहीत असलेलं माणूसच सोबत पाठवा. फॉर्ममधला प्रत्येक प्रश्न त्यांना त्यांच्या भाषेत विचारा.

पेसमेकर असेल तर तो नंबर लावतानाच सांगा. जुन्या पेसमेकरवर सरसकट एमआरआय होत नाही. नवीन बरेचसे ठराविक अटींवर चालतात, पण त्यासाठी पेसमेकरचं ओळखपत्र हवं, तारांचंही मॉडेल हवं, आणि तपासणीआधी यंत्र विशिष्ट मोडवर लावून नंतर पूर्ववत करणारा माणूस हवा. ही जुळवाजुळव एका सकाळी होत नाही.

मेंदूतल्या रक्तवाहिनीच्या फुग्यावर लावलेली क्लिप हा दुसरा गंभीर प्रकार. जुन्या काही क्लिपा चुंबकाला ओढल्या जाणाऱ्या धातूच्या होत्या. ती हलली तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. हल्लीच्या टायटॅनियमच्या क्लिपा चालतात, मात्र क्लिप कुठली हे कागदावर दिसल्याशिवाय कुणीही आत घेणार नाही, घेऊही नये. कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूतलं पाणी पोटात सोडणारी नळी, चेतातंतूंना झटके देणारी उपकरणं, इन्सुलिन पंप हे सगळं आधी सांगायचं. त्या नळीचा व्हॉल्व्ह बाहेरून सेट करता येणारा असेल तर एमआरआयनंतर त्याचं सेटिंग तपासून घ्यावं लागतं, कारण चुंबकानं ते बदलू शकतं.

आता ज्यांची लोकांना उगाच धास्ती असते त्या वस्तू. हृदयातल्या स्टेंटवर एमआरआय चालतो. तो नुकताच बसवला असला तरी सहसा थांबावं लागत नाही. बायपासनंतर छातीच्या हाडाला बांधलेल्या तारा, कृत्रिम झडपा, मांडीतला रॉड, गुडघ्याचा सांधा, कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनमधल्या रिंगा, तांबी, दातांतलं सिमेंट-चांदी, पक्की बसवलेली कॅप, यांतल्या बहुतेकांवर तपासणी निर्धोक होते. फरक पडतो तो प्रतिमेवर: धातूच्या आसपास काळा डाग येतो. दातांना तारा असतील तर चेहरा आणि मेंदूचा पुढचा भाग वेडावाकडा दिसतो. तेव्हा नेमकं काय शोधायचंय ते डॉक्टरांना विचारून तार काढायची की नाही हे ठरवतात. तरीही हे सगळं सांगायचंच. हाडाभोवती बाहेरून लावलेली सळ्यांची रिंग मात्र वेगळी गोष्ट, तिचं स्वतंत्र विचारा.

आणि डोळे. लेथ, ग्राइंडर, वेल्डिंगवर काम केलेल्या माणसाच्या डोळ्यात कधी लोखंडाचा कण उडाला होता का? निघाला होता का, की तसाच राहिला? कण डोळ्यात असेल तर चुंबक तो हलवू शकतं आणि दृष्टी जाऊ शकते. एमआयडीसीत किंवा गॅरेजवर वर्षानुवर्षं काढलेल्यांना हे इतकं किरकोळ वाटतं, की विचारल्याशिवाय ते सांगत नाहीत. शंका असली की आधी डोळ्यांच्या खोबणीचा साधा एक्स-रे काढतात. पाच मिनिटांचं काम.

छर्रा, गोळीचा तुकडा, अपघातात घुसलेला पत्रा यांचंही असंच.

अंगावरचं: आदल्या रात्री, निवांत

जोडवी. वर्षानुवर्षं न निघालेली जोडवी तपासणीच्या टेबलाजवळ ओढून काढायला गेलं की बोट सुजतं आणि मग ती अजिबात निघत नाहीत. रात्री पाय उंच ठेवून अर्धा तास पडा, बोटाला खोबरेल किंवा साबणाचा फेस लावा आणि फिरवत फिरवत सरकवा. नाहीच निघाली तर सोनाराकडून कापून घ्या, पण आदल्या दिवशी. पाटल्या आणि तोड्यांना हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून, साबण लावून वरून सरकवण्याची बांगडीवाल्यांची युक्ती उपयोगी पडते.

सोनं-चांदी चुंबकाला चिकटत नाही हे खरं. पण धातूच्या कड्यात वीज फिरते, ते तापतं, आणि शिवाय मंगळसूत्राच्या किंवा साखळीच्या फाशात छोटी पोलादी स्प्रिंग असते. मंगळसूत्र उतरवायला काहीजणी तयार नसतात. गळा मोकळा नको वाटत असेल तर दोऱ्यात हळकुंड बांधून जावं. सुती दोरा आणि हळद यांना यंत्राची काही हरकत नाही. काळ्या मण्यांची पोत मात्र बहुधा तारेत ओवलेली असते, तीही उतरवा. गळ्यात इष्टलिंग असेल तर ते चांदीच्या पेटीसकट बाहेर बसलेल्या घरच्या माणसाच्या हाती द्यावं. टेक्निशियननं मागितलं की ऐनवेळी अवघडल्यासारखं होतं, त्यापेक्षा घरीच ठरवून यावं.

पुरुषांचा घोळ कमरेला असतो. करदोड्याला चांदीचे मणी असतात, कपाटाची किल्ली असते, कधी ताईत. जानव्याला किल्ली बांधायची सवय असते. कोपरीच्या आतल्या खिशात चुन्याची पत्र्याची डबी, बटव्यात अडकित्ता. गाऊन घातला तरी करदोडा तसाच राहतो, कारण तो अंगावर आहे हेच माणूस विसरलेला असतो. कमरेच्या एमआरआयला करदोड्याचा चांदीचा मणी नेमका चौथ्या-पाचव्या मणक्यासमोर येतो आणि प्रतिमेत तिथंच भोक पाडतो.

कपड्यांत: ब्लाउजचे हूक, ब्राच्या पट्ट्या आणि तार, पँटची चेन, साडीला लावलेल्या पिना. जरीची साडी नेसून येऊ नका, जरीत धातूची तार असू शकते. घाम शोषणारे किंवा वास रोखणारे म्हणून विकले जाणारे काही टी-शर्ट आणि अंडरवेअर चांदीचा धागा घालून विणतात, तेही नकोत. बहुतेक ठिकाणी गाऊन देतात. साधा सुती परकर नाडीसकट चालतो.

केसांतल्या पिना, आकडे, गंगावन, चकाकणारी टिकली काढा. काजळ-आयलायनर धुऊन या, त्यांत लोहाचे कण असू शकतात आणि डोळ्यांजवळची प्रतिमा खराब होते. मेंदी आणि डोक्याचं तेल चालतं. गोंदण असेल तर सांगा: क्वचित तिथं गरम लागतं. निघणारी कवळी आणि श्रवणयंत्र बाहेर ठेवायचं. वेदनेसाठी किंवा हृदयासाठी त्वचेवर औषधी पट्टी लावली असेल तर तिच्या पाठीला ॲल्युमिनियमचा थर असू शकतो आणि त्यानं त्वचा भाजू शकते. ती काढायची का, हे औषध देणाऱ्या डॉक्टरांना विचारून ठरवा. दंडावर साखर मोजणारा सेन्सर असेल तर त्याचंही तसंच.

मोबाइल, घड्याळ, एटीएम कार्ड, गाडीची चावी हे सगळ्यांना माहीत असतं, आणि खिशात राहतंही तेच.

उपाशी यायचं की खाऊन

साध्या मेंदू, मणका, गुडघा, खांदा यांच्या तपासणीला उपाशी राहायची गरज नसते. नेहमीच्या गोळ्या वेळेवर घ्या, बीपीची गोळी तर नक्कीच. पोट आणि पित्तनलिकेच्या तपासणीसाठी ४ ते ६ तास काही खायचं नाही, कारण जेवणानंतर पित्ताशय आकसतं, आणि आतडी हलली की प्रतिमा हलतात. डाय असेल तर काही सेंटर २-४ तास उपाशी यायला सांगतात. तिथं सांगतील तसं करा. मधुमेहींनी उपास असेल तर सकाळचा पहिला नंबर मागावा आणि त्या दिवशी इन्सुलिन किंवा गोळी कधी घ्यायची हे आपल्या डॉक्टरांना विचारावं. इन्सुलिन टोचून उपाशी पोटी दुपारपर्यंत बाकावर बसून राहणं धोक्याचं.

आत जाण्याआधी लघवीला जाऊन या. मणक्याच्या तपासणीत पंधराव्या मिनिटाला लागली की माणूस चुळबुळतो, आणि मग पुढचं सगळं वाया. ओटीपोटाची तपासणी असेल तर आधी विचारा, कधी थोडी भरलेली हवी असते.

डाय म्हणजे काय

एमआरआयमधला डाय गॅडोलिनियमचा असतो. सीटीमधला आयोडीनचा. हे वेगळे. सीटीच्या डायची ॲलर्जी झाली असेल तर ते जरूर सांगा, पण त्याच कारणानं हा चालणार नाही असं नाही. एमआरआयच्या डायचं प्रमाण अगदी थोडं असतं: बहुतेक औषधांचं किलोमागे ०.२ मिली, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२ मिली. काही दाट औषधांचं त्याच्या निम्मं. हाताच्या शिरेत छोटी सुई लावतात, साध्या प्रतिमा आधी निघतात, मग औषध देऊन उरलेल्या. औषध जाताना हातात गार लहर जाते, कधी तोंडाला धातूसारखी चव येते, क्षणभर मळमळतं. अंगावर गांधी, घशात खवखव, धाप यांपैकी काही वाटलं तर लगेच बेल दाबा. सुईच्या जागी जळजळ किंवा फुगवटा आला तरी दाबा, औषध शिरेबाहेर जात असेल.

डायआधी क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट मागतात तो मूत्रपिंडासाठी. गाळण्याचा वेग, म्हणजे रिपोर्टवरचा ईजीएफआर, ३० च्या खाली असेल तर काही जुन्या प्रकारच्या औषधांनी त्वचा आणि आतले अवयव कडक होण्याचा दुर्मीळ पण गंभीर आजार होऊ शकतो. अशांना डाय टाळतात किंवा सुरक्षित गटातला निवडतात. डायलिसिस चालू असेल तर डायलिसिसच्या थोडंच आधी तपासणी होईल अशी वेळ जुळवतात. मूत्रपिंड ठीक असेल तर मधुमेहाची मेटफॉर्मिन केवळ या डायसाठी बंद करावी लागत नाही. तो नियम सीटीचा, इथं तो उगाच लावला जातो.

दिवस गेले असतील, किंवा नुसती शंका असेल, तर सांगा. गरज असेल तर गरोदरपणात एमआरआय करतात, डाय मात्र टाळतात. अंगावर पाजणाऱ्या आईला डाय दिला तरी दुधात उतरणारं प्रमाण मिळालेल्या मात्रेच्या ०.०४ टक्क्यापेक्षा कमी असतं, त्यामुळे पाजणं थांबवायची गरज नसते. सासूबाईंनी दूध काढून टाकायला सांगितलं तरी.

आत गेल्यावर

खोली गार असते, साधारण २० अंशांच्या आसपास. बाहेर मे महिन्यातलं सोलापूर, ४२ अंश, आणि आत पातळ गाऊन. म्हाताऱ्या माणसाला हुडहुडी भरते आणि थरथर प्रतिमेत उमटते. चादर मागून घ्या. घरून आणलेली सुती सोलापुरी चादर चालेल, फक्त तिच्यात पिन राहिली नाही ना ते झटकून बघा.

टेबलावर झोपवून तपासायच्या भागाभोवती प्लास्टिकचा पिंजरा किंवा पट्टा लावतात. ती कॉइल, प्रतिमा पकडते ती हीच. मेंदूसाठी चेहऱ्यावर हेल्मेटसारखी येते. कानांत बोळे, वर हेडफोन. आवाज १०० डेसिबलच्या वर जातो: टकटक, घर्र, मग एकदम ठकठकठक. यंत्रमागाच्या शेडमध्ये आयुष्य काढलेल्यांना त्याचं फारसं काही वाटत नाही, पण बोळे त्यांनीही घालायचेच. आवाज थांबला म्हणजे तपासणी संपली असं नसतं. एक फेरी संपून दुसरीची तयारी चाललेली असते.

हातात रबरी फुगा देतात, ती बेल. टेबल आत सरकण्याआधी एकदा दाबून बघा, वाजते का.

हात पोटावर एकमेकांत गुंफू नका, पायाची अढी घालू नका. हे नुसतं शिस्तीसाठी सांगत नाहीत. हात हाताला किंवा घोटा घोट्याला उघडा लागला की अंगाचं एक कडं तयार होतं, त्यातून वीज फिरते आणि टेकल्या जागी त्वचा भाजू शकते. म्हणून मध्ये पॅड ठेवतात. सगळं अंग थोडं कोमट लागणं ठीक. एकाच जागी चटका बसतोय असं वाटलं तर शेवटपर्यंत सोसू नका, बेल दाबा.

एक फेरी २ ते ६ मिनिटांची, अशा पाच-सहा किंवा जास्त. मेंदू, मणका, गुडघा यांना साधारण २०-३० मिनिटं, डाय असेल तर ३०-४५. हलायचं नाही म्हणजे किती नाही? साध्या कॅमेऱ्यात फोटो क्षणात निघतो. इथं पूर्ण फेरीभर थोडी थोडी माहिती गोळा होते आणि तिच्यातून सगळी चित्रं एकदम तयार होतात. चौथ्या मिनिटाला पाय हलला तर चौथ्या मिनिटाचा तुकडा बिघडत नाही, त्या फेरीतली सगळीच चित्रं पुसट होतात, फेरी पुन्हा घ्यावी लागते. खोकला, गिळणं, नाक खाजवणं हे फेऱ्यांच्या मधल्या शांततेत उरका. मानेच्या तपासणीत गिळणं फार नडतं.

पोटाच्या तपासणीत श्वास १५-२० सेकंद रोखावा लागतो. घरी घड्याळ लावून चार-पाच वेळा सराव करा. सूचना कधी यंत्रातून हिंदीत किंवा इंग्रजीत येतात. आजींना त्या आधीच त्यांच्या भाषेत सांगून ठेवा.

कंबरदुखीच्या पेशंटला उताणं झोपणं हीच शिक्षा असते. गुडघ्यांखाली उशी मागा, मिळते. डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी तासभर आधी घेऊन या. पाठीला बाक असेल तर डोक्याखाली जास्त आधार लागेल, तो सुरुवातीलाच मागा. मध्येच उशी बदलली की मोजमाप पुन्हा.

कोंडल्यासारखं होतं त्यांच्यासाठी

बोगदा ६० ते ७० सेंटिमीटर रुंद आणि दोन्ही टोकांना उघडा असतो. गुडघा-घोट्याच्या तपासणीत पाय आधी आत जातात आणि डोकं बहुधा बाहेरच राहतं, हे कळल्यावर निम्म्या लोकांची भीती तिथंच जाते. मेंदू आणि मानेला मात्र डोकं मधोमध.

डोळे आत गेल्यावर मिटायचे नाहीत. टेबल सरकण्याआधी मिटायचे आणि बाहेर येईपर्यंत उघडायचे नाहीत. डोळ्यांवर घडी केलेला रुमाल ठेवायला सांगा. सोबतच्या एका माणसाला, त्याचीही धातूची तपासणी करून, पायाशी उभं राहू देतात; पायाला हात लागलेला असला की पुष्कळांना तेवढं पुरतं. यानंही जमत नसेल तर आधी डॉक्टरांना भेटून सौम्य गोळी लिहून घ्या आणि त्या दिवशी गाडी चालवू नका. डाव्या-उजव्या कडेनंही उघडं असलेलं ‘ओपन’ यंत्र ऐकायला बरं वाटतं, पण ती बहुधा कमी ताकदीची असतात, बारीक गोष्टी सुटतात.

तान्ह्या बाळाला तपासणीच्या अगदी आधी पाजून, घट्ट गुंडाळून झोपवलं की काम होतं. दोन-चार वर्षांच्या मुलाला झोपेचं औषध लागतंच. त्यासाठी अन्न ६ तास, आईचं दूध ४ तास, साधं पाणी २ तास आधी बंद. लपूनछपून दिलेलं एक बिस्कीटही धोक्याचं, उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. सर्दी-खोकला असेल तर भूलतज्ज्ञांना सांगा, तारीख पुढं जाईल. आदल्या रात्री मुलाला उशिरा झोपवा आणि लवकर उठवा. गावाहून येताना गाडीत झोपू देऊ नका, नाहीतर सेंटरवर टक्क जागं.

झाल्यावर

सुईची जागा पाच मिनिटं दाबून धरा, डाय घेतला असेल तर दिवसभर पाणी जास्त प्या. झोपेचं औषध घेतलं नसेल तर लगेच जेवा, लगेच कामाला जा.

रिपोर्ट हातात आला की तो डॉक्टरांच्या आधी मोबाइलवर वाचला जातो, आणि मग घाबरगुंडी उडते. मणक्याच्या रिपोर्टमधले ‘डिस्क बल्ज’ (मणक्यांमधली गादी फुगणं), ‘डीजनरेशन’ (झीज) हे शब्द वयाबरोबर येतात. पाठ अजिबात दुखत नसलेल्या माणसांतही विशीत सुमारे ३० टक्क्यांना आणि ऐंशीत सुमारे ८४ टक्क्यांना बल्ज दिसतो. गादी कुठल्या नसेवर दाबते, तुमचं दुखणं त्याच नसेचं आहे का, पायात ताकद कमी झालीय का, हे तपासूनच त्या शब्दाला अर्थ येतो. लघवी-संडासवरचा ताबा गेला किंवा पाय एकाएकी लुळा पडला तर मात्र रिपोर्टची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

फिल्म आणि सीडी दोन्ही सांभाळा. मोठ्या डॉक्टरांना सीडीच लागते, कारण फिल्मवर शेकडो प्रतिमांपैकी निवडक छापलेल्या असतात. पुढच्या वेळी तुलना करायलाही जुनी सीडी हवी, म्हणून तिच्या पाकिटावर तारीख आणि कुठला भाग ते लिहून ठेवा. फिल्म उन्हात तापलेल्या गाडीत किंवा पत्र्याखाली ठेवू नका, हल्लीची बरीचशी उष्णतेवर छापलेली असते आणि उष्णतेनंच काळवंडते. आणि टिकावी म्हणून लॅमिनेशनला तर अजिबात देऊ नका. झेरॉक्सवाला ती गरम रोलरमधून घालतो, आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर येतो तो नुसता काळा कागद.